क्लिपची कड आणि आवाजाचा क्षण

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ डावीकडून उजवीकडे दाखवणाऱ्या पट्टीला टाइमलाइन आणि तिच्यावर मांडलेल्या आवाजाच्या तुकड्यांना क्लिप म्हणतात. क्लिपची डावी कड हव्या त्या रेषेला टेकवली की आवाज नेमका त्या क्षणी लागतो, हा या कामातला सर्वांत रुजलेला गैरसमज होय. वस्तुतः क्लिप ही केवळ चौकट असून कडेपासून प्रत्यक्ष आवाजापर्यंत श्वास, हाताची हालचाल किंवा निव्वळ शांतता असू शकते. तबल्याच्या थापेआधी 30 मिलिसेकंद शांतता असेल, तर चौकट जागेवर बसूनही थाप तेवढीच उशिरा पडते. त्यामुळे रीपर, प्रो टूल्स यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या आतच खुणेचा बिंदू ठेवण्याची सोय असते आणि रेषेला कड न जुळवता तो बिंदू जुळवला जातो.

ही दृष्टी संगणकाने आणलेली नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातील आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्या काळी चित्रफितीवर क्लॅपच्या पाटीची फळी मिटलेली फ्रेम आणि चुंबकीय ध्वनिफितीवर त्याच ठोक्याचा आवाज शोधून दोन्ही फिती समोरासमोर बसवणे ही संकलनाची रूढ पद्धत होती. सेकंदाला 24 फ्रेम आणि 35 मिमी फितीच्या प्रत्येक फ्रेमला चार छिद्रे, या हिशेबाने फीत एक छिद्र सरकवणे म्हणजे आवाज सेकंदाच्या 96व्या भागाने हलवणे होय. आज चित्रपटासाठी सेकंदाला 48,000 नमुने, म्हणजे आवाजाच्या पातळीची इतकी मोजमापे, घेतली जातात. साहजिकच त्या एका छिद्राच्या जागी आता 500 पायऱ्या मिळतात.

मात्र पायऱ्या बारीक आहेत म्हणून हाताने ओढलेली क्लिप अचूक बसते, असे नाही. दहा मिनिटांचे मुद्रण 1,200 बिंदू रुंदीच्या पडद्यावर एकाच वेळी दिसत असेल, तर माउसची एका बिंदूची हालचाल अर्ध्या सेकंदाची ठरते. तेव्हा दृश्य मोठे करणे किंवा जागेचा आकडा थेट लिहिणे हाच खरा मार्ग. क्लिपला जवळच्या रेषेकडे खेचणारी ‘स्नॅप’ची सोयही या बाबतीत बिनचूकपणाची हमी देत नाही, कारण रेषा ठरावीक लयीच्या असतात आणि मैफलीतला तीनताल श्वासागणिक किंचित पुढेमागे होतो. अशा ठेक्याची प्रत्येक मात्रा रेषेवर बसवणे म्हणजे वादकाची लय पुसून टाकणे होय.

आवाज चित्राशी तंतोतंत जुळलाच पाहिजे, ही समजूत मात्र अधिक बारकाईने तपासावी लागते. खडकवासला धरणाच्या भिंतीवर कोणी घण घालत आहे आणि कॅमेरा व ध्वनिमुद्रक 170 मीटर दूर जलाशयाच्या काठावर आहेत, असे समजा. 25 अंश सेल्सिअस तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे 346 मीटर जात असल्याने घण आदळल्यानंतर जवळपास अर्ध्या सेकंदाने, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रीकरणात सुमारे 12 फ्रेमनंतर, घाव ऐकू येतो. दूरदृश्यात हे अंतर तसेच ठेवावे, कारण जलाशयाचा विस्तार त्यातूनच जाणवतो. तोच घण भिंगाने जवळ आणून पडदाभर दाखवायचा असेल, तर आवाज 12 फ्रेम अलीकडे ओढणे योग्य ठरते. प्रकाश आधी पोहोचण्याची माणसाला जन्मभर सवय असल्यामुळे मागे राहिलेला आवाज त्याला चालतो, पुढे गेलेला खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत विसंगती जाणवण्याच्या मर्यादा आवाज पुढे असल्यास 45 आणि मागे असल्यास 125 मिलिसेकंद अशा असमान धरलेल्या आहेत.

जोडाच्या जागी येणारा ‘टक्’ असा आवाज जागा चुकल्याची खूण मानला जातो, पण तो बहुधा लहर शून्य पातळीवर नसताना कापल्यामुळे येतो आणि काही मिलिसेकंदांच्या चढउताराने, म्हणजे फेडने, जातो.

आरंभ जुळला की शेवटही जुळतो, हा समज लांब मुद्रणात महागात पडतो. दोन स्वतंत्र यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत 20 भाग एवढाच फरक असला, तरी तासाभरात 72 मिलिसेकंदांची तफावत साचते. ती दूर करण्यासाठी संपूर्ण क्लिप तेवढी ताणावी किंवा आवळावी लागते, अन्यथा वाक्यांमधल्या विरामांत ती कापून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे बसवावा लागतो.