हायब्रिड वर्ग: कॅमेऱ्याआधी आवाज

वर्गात कॅमेरा बसवला, इंटरनेट जोडलं, की अर्धी मुलं बाकावर आणि अर्धी घरी असा हायब्रिड वर्ग तयार झाला, असं अनेक संस्थाचालकांना वाटतं. प्रत्यक्षात असा वर्ग आधी अडतो तो आवाजापाशी. शिक्षकांचं बोलणं घरी ऐकू येतं, पण मागच्या बाकावरून आलेला प्रश्न पोचत नाही; मग नुसत्या उत्तरावरून घरच्या मुलाने काय समजायचं? पैसे मोजके असतील तर ते आधी चांगल्या माईकवर खर्च करावेत. वर्गात आलेला प्रश्न शिक्षकांनी मोठ्याने पुन्हा म्हणावा, या सवयीला तर काहीच खर्च नाही. चॅटवर लक्ष ठेवायला आळीपाळीने एकेक विद्यार्थी नेमला, तर घरून आलेली शंका तास संपेपर्यंत ताटकळत नाही.

यंत्र हातात दिलं की मूल आपोआप शिकतं, हा गैरसमज याहून महागात पडतो. पेरू देशात ग्रामीण शाळांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप दिले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणितात किंवा भाषेत त्याचा परिणाम आढळला नाही. याउलट दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांमध्ये ‘माइंडस्पार्क’ ही संगणकप्रणाली वापरली गेली, तेव्हा साधारण साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती दिसली. ही प्रणाली आधी मुलाला खरोखर काय येतं ते तपासते आणि तिथूनच पुढे नेते. जोडीला लहान गटाची शिकवणीही होती. सातवीत बसलेल्या पण भागाकारात अडखळणाऱ्या मुलाला सातवीचाच व्हिडिओ पुन्हा दाखवण्यात काय हशील?

‘आता घरोघरी स्मार्टफोन आहेत’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. शालेय शिक्षणाच्या स्थितीवरच्या २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरल्याचं सांगणारी मुलं ५७ टक्क्यांच्या आसपासच होती. शिवाय घरातला एकुलता फोन बाबांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. म्हणून थेट तासावरच सगळी भिस्त ठेवू नये. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपवरचं साहित्य उघडता येतं आणि त्यातलं बरंचसं आधी उतरवून ठेवून इंटरनेटशिवायही पाहता येतं.

स्मार्टफोन नसेल तर हात टेकायचे, असंही नाही. बोत्स्वानात २०२० मध्ये शाळा बंद असताना काही मुलांच्या घरी दर आठवड्याला एसएमएसने गणितं पाठवली गेली. त्यातल्या काहींना आठवड्यातून एकदा साधारण वीस मिनिटं फोनही केला गेला. नुसत्या संदेशांनी फारसा फरक पडला नाही. जिथे फोनवर बोलणं झालं तिथे मुलांची आकडेमोड सुधारली. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण साधा फोन वाडीवस्तीवरही असतो.

राहिला मुद्दा हायब्रिड वर्गाने शिक्षकांचा भार कमी होतो या समजाचा. भार उलट वाढतो. समोरच्या आणि घरच्या मुलांसाठी एकच धडा दोन तऱ्हांनी बेतावा लागतो, दोन्हीकडच्या वह्या तपासाव्या लागतात. या तयारीसाठी वेळापत्रकात मोकळे तास ठेवणं मुख्याध्यापकांना शक्य आहे, आणि उपकरणांच्या खरेदीआधीच ते ठरायला हवं.