शेंडीवाला तो नर, मळकट ती मादी?

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत गॅलरीच्या ग्रिलवर दोन तऱ्हांचे बुलबुल येऊन बसतात. एकाची शेंडी टोकदार, गालावर लाल ठिपका, पोट पांढरं. दुसऱ्याचं डोकं काळं, शेंडी आखूड, तपकिरी अंगावर खवल्यांसारखी नक्षी. शेपटीखाली लाल रंग दोघांनाही असतो. त्यावरून ‘देखणा तो नर, मळकट ती मादी’ असं सर्रास सांगितलं जातं.

वस्तुस्थिती तशी नाही. पहिला शिपाई बुलबुल, दुसरा लालबुड्या. या दोन स्वतंत्र जाती आहेत. दोन्हींत नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून जोडीतला नर कोणता हे सांगता येत नाही. उडून जाताना पाठमोरा पाहा : शेपटीच्या बुडाशी पांढरं दिसलं तर तो लालबुड्या. शिपायाला कोकणातली दाट झाडी मानवते, लालबुड्या कोरड्या माळरानातही रमतो.

‘बुलबुल फळांवरच जगतो’ हेही अर्धंच खरं. पिल्लांना तो किडे-अळ्या भरवतो. सापडलेल्या पिल्लाला दुधात भिजवलेला पाव देणं म्हणूनच घातक.

आणि पिल्लांबाबतचे गैरसमज तर सर्वांत महाग पडतात. शिपायाच्या पिल्लाच्या गालावर लाल ठिपका नसतो, शेपटीखालचा रंगही फिका असतो. ते आजारी आहे किंवा दुसऱ्याच पक्ष्याचं आहे असं वाटून लोक उचलतात. खरं तर पिल्लं दोन आठवड्यांच्या आतच घरटं सोडतात. तेव्हा नीट उडता येत नाही. ती झुडपात, कधी जमिनीवर बसतात आणि आई-बाप तिथेच येऊन भरवतात. ज्याला आपण वाचवलं म्हणतो, त्याला बहुतेक वेळा आई-बापांपासून तोडलेलं असतं.

‘माणसाचा हात लागला की आई टाकून देते’ ही भीतीही निराधार आहे. पिसं फुटलेलं पिल्लू मांजराच्या वाटेत असेल तर जवळच्या झुडपात ठेवून लांब व्हावं. उघडंबोडकं असेल तर परत घरट्यात ठेवावं. जखमी असेल तर वनविभागाला कळवावं. घरी पिंजऱ्यात वाढवणं मात्र नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बुलबुल पाळणं गुन्हा आहे.