इंजिन बंद पडले तर?

विमानाचा आवाज आला की आपली मान आपोआप वर जाते. मुंबईत कुर्ला, घाटकोपर या भागांत राहणाऱ्या मुलांना तर विमान अगदी गच्चीवरून गेल्यासारखे वाटते. त्या वेळी तुमच्या मनात एक प्रश्न कधी आला आहे का? रस्त्यात बस बंद पडली, तर चालक ती बाजूला घेतो आणि प्रवासी खाली उतरतात. रिक्षा बंद पडली, तर चार माणसे ती ढकलतात. पण दहा किलोमीटर उंचीवर विमानाचे इंजिन बंद पडले तर काय होत असेल? तेथे ना रस्त्याची कड, ना ढकलणारे हात!

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी जेट इंजिन कसे चालते ते पाहू. एक फुगा फुगवा आणि त्याचे तोंड न बांधता सोडून द्या. हवा जोराने मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. जेट इंजिनाचे तत्त्व हेच आहे. इंजिनाच्या तोंडाशी एक प्रचंड पंखा असतो. तो बाहेरची हवा आत ओढतो. या हवेचा काही भाग आत दाबला जातो. दाबलेल्या हवेत इंधन जळते. त्यातून तयार झालेले तप्त वायू एका चक्राची पाती फिरवत वेगाने मागे निघून जातात. त्या चक्रामुळे पुढचा पंखा फिरत राहतो. पंख्याने ओढलेली उरलेली हवा इंजिनाच्या बाहेरच्या बाजूने मागे फेकली जाते. हवा मागे जाते, म्हणून विमान पुढे जाते. इंजिनाच्या आत इतकी उष्णता असते, की पात्यांना थंड ठेवले नाही तर त्यांचा धातू वितळून जाईल. म्हणून या पात्यांना बारीक छिद्रे ठेवून त्यांतून हवा खेळवतात.

असे हे यंत्र अतिशय भरवशाचे असते. परंतु ते शेवटी यंत्रच. कधी त्यात पक्षी शिरतात, कधी एखाद्या पात्याला बारीक तडा जातो, तर कधी माणसाच्या हातून दुरुस्तीत चूक राहते. मग विमान लगेच दगडासारखे खाली पडते का? नाही. आकाशात घिरट्या घालणारी घार आठवा. ती कितीतरी वेळ पंख न हलवता तरंगत असते. विमानाचे पंखही हवेवर तोलले जातात. इंजिने बंद असली, तरी मोठे विमान एक किलोमीटर खाली येईपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर पुढे जाऊ शकते. म्हणजे वैमानिकाला विचार करायला थोडा वेळ मिळतो. या थोड्या वेळाचे सोने कसे करता येते, हे एका प्रसंगावरून समजेल.

२४ जून १९८२ ची रात्र होती. ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो जेट लंडनहून मुंबईमार्गे क्वालालंपूरला आले होते आणि तेथून ऑस्ट्रेलियातील पर्थकडे निघाले होते. विमानात २६३ माणसे होती. इंडोनेशियातील जावा बेटाजवळ ते ३७ हजार फूट उंचीवर असताना समोरच्या काचेवर ठिणग्या नाचू लागल्या. विमानात धूर दिसू लागला. मग एक इंजिन बंद पडले. पाठोपाठ दुसरे, तिसरे आणि चौथेही! कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांपासून काही लपवले नाही. चारही इंजिने बंद आहेत आणि ती सुरू करण्याचा आम्ही आटोकाट प्रयत्न करीत आहोत, असे त्यांनी शांत आवाजात सांगितले.

विमान तरंगत खाली येत होते. वैमानिक पुन्हा पुन्हा इंजिने सुरू करून पाहत होते. सुमारे १३ हजार फुटांवर एक इंजिन सुरू झाले, मग बाकीचीही झाली. त्यांतील एक पुन्हा बिघडले, म्हणून ते बंद करावे लागले. समोरची काच तर घासल्यासारखी धूसर झाली होती. तरीही विमान जाकार्ता येथे सुखरूप उतरले. एकालाही प्राण गमवावा लागला नाही.

हे घडले कशामुळे? जावा बेटावरील गालुंगगुंग या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली होती. ती कोरडी असल्यामुळे विमानाच्या रडारवर दिसली नाही. ही राख इंजिनात वितळली, पात्यांना चिकटली आणि इंजिनांचा श्वास कोंडला. विमान राखेबाहेर आल्यावर ती थंड होऊन सुटली, म्हणून इंजिने पुन्हा सुरू झाली. या घटनेनंतर जगाचे डोळे उघडले. आता जगाच्या वेगवेगळ्या भागांत ज्वालामुखीच्या राखेवर लक्ष ठेवणारी केंद्रे आहेत. ती विमानांना आधीच सावध करतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. इंजिन कधीच बिघडणार नाही, असे विमान बनवणारे मानत नाहीत. ते कधीतरी बिघडेल असे धरूनच तयारी करतात. मोठ्या प्रवासी विमानाला निदान दोन इंजिने असतात आणि एक बंद पडले तरी दुसऱ्याच्या बळावर विमान उडू शकते. उड्डाणापूर्वी वैमानिक एक वेग ठरवून ठेवतात. धावपट्टीवर तो वेग गाठण्याआधी इंजिन बिघडले तर विमान थांबवायचे. त्यानंतर बिघडले तर थांबायचे नाही, उरलेल्या इंजिनावर वर जायचे. संकटाच्या क्षणी विचार करण्यात वेळ जाऊ नये, म्हणून हा निर्णय आधीच घेतलेला असतो.

नवीन इंजिनाची परीक्षाही कठोर असते. त्यात पाण्याचा मारा करतात, गारा सोडतात, मेलेले पक्षी फेकतात. इंजिन पूर्ण वेगात असताना पंख्याचे एक पाते मुद्दाम तोडतात. तुटलेले तुकडे इंजिनाचे कवच फोडून बाहेर आले, तर ते इंजिन नापास! समुद्रावरून दूर जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांसाठी आणखी एक दक्षता घेतात. दोन्ही इंजिनांचे एकच काम शक्यतो एकाच तंत्रज्ञाला एकाच वेळी करू देत नाहीत. का बरे? त्याच्या हातून एका इंजिनात चूक झाली, तर तीच चूक दुसऱ्यातही होईल, म्हणून.

पण नुसत्या यंत्राची तयारी पुरते का? यानंतरचा प्रसंग दुःखद आहे. तरीही तो तुम्हांला माहीत असायला हवा.

८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलँड कंपनीचे एक विमान लंडनहून बेलफास्टला निघाले. त्यात १२६ माणसे होती. थोड्याच वेळात डाव्या इंजिनातील पंख्याचे एक पाते तुटले. विमान थरथरू लागले, धुराचा वास आला. दोन्ही वैमानिकांना वाटले, की बिघाड उजव्या इंजिनात आहे. त्यांनी उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. योगायोगाने त्याच वेळी थरथर कमी झाली. त्यामुळे आपला निर्णय बरोबर आहे, अशी त्यांची खात्री पटली. उजवे इंजिन बंद केल्याचे कॅप्टनने प्रवाशांना सांगितलेही.

मागे बसलेल्या काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी मात्र डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना पाहिल्या होत्या. ‘डावे’ ऐवजी ‘उजवे’ ऐकून काहींना नवलही वाटले. पण वैमानिकांना आपल्यापेक्षा जास्त कळते, असे वाटून कोणी बोलले नाही. धावपट्टी अगदी जवळ आली असताना डावे इंजिनही निकामी झाले. केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या भरावावर विमान आदळले आणि ४७ जणांचा मृत्यू झाला.

चौकशी झाली. नव्या प्रकारच्या इंजिनातील पात्याचा दोष सापडला. पण अहवाल एवढ्यावर थांबला नाही. वैमानिक आणि मागचे कर्मचारी यांच्यात बोलणे व्हायला हवे, त्याचे शिक्षण दोघांनाही एकत्र द्यायला हवे, असेही त्यात सुचवले होते. विमान अपघाताच्या चौकशीचा हेतू कोणाला शिक्षा करणे हा नसतो. तोच अपघात पुन्हा होऊ नये, हा असतो. म्हणूनच आज वैमानिकांना विमान चालवण्याबरोबर एकमेकांचे ऐकण्याचेही शिक्षण मिळते. वरिष्ठाची चूक दिसली तर कनिष्ठाने ती नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत सांगावी, असे त्यांना शिकवतात.

या शिक्षणाचा उपयोग कसा होतो, हे १५ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात दिसले. एका एअरबस विमानाने उड्डाण केले आणि जेमतेम तीन हजार फुटांवर रानबदकांहून मोठ्या हंसांचा थवा त्यावर आदळला. दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन सलनबर्गर यांनी विमानाचा ताबा घेतला. सहवैमानिक स्काइल्स यांनी इंजिने पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न केले. कोणी कोणते काम करायचे, यावर वाद झाला नाही. विमानतळापर्यंत पोहोचता येणार नाही हे ओळखून कॅप्टनने विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले. पक्षी आदळल्यापासून पाण्यावर उतरेपर्यंत चार मिनिटेही झाली नव्हती. नदीतल्या बोटी धावून आल्या आणि सर्वच्या सर्व १५५ जण वाचले. प्रवासी बाहेर पडल्यावर कॅप्टनने आत कोणी राहिले नाही ना, हे स्वतः फिरून पाहिले आणि मगच विमान सोडले.

मित्रांनो, विमानाच्या सुरक्षिततेत तुमचाही वाटा आहे. उघड्यावर कचरा साठला, की त्यावर घारी, कावळे जमतात. हे पक्षी इंजिनात शिरू शकतात. म्हणून आपल्या देशात विमानतळाच्या परिसरात उघड्यावर कचरा टाकण्यास नियमाने बंदी आहे. विमानतळाजवळच्या वस्तीतील मुलाने कचरा कुंडीत टाकला, तर वरून जाणाऱ्या अनोळखी प्रवाशांचे रक्षण करण्यास त्याची मदत होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. इंजिन बंद पडले तर? बहुतेक वेळा दुसरे इंजिन विमानाला सुखरूप उतरवते. दोन्ही बंद पडली, तर पंख थोडा वेळ देतात आणि माणसांची तयारी त्या वेळाचा उपयोग करते. मात्र एक तयारी कोणत्याही कारखान्यात होत नाही. ती आपली आपणच करायची असते. समोर चूक घडताना दिसली, तर ‘मोठ्यांना माहीत असेलच’ असे म्हणून गप्प बसू नका. अदबीने सांगा, पण सांगा. केगवर्थच्या त्या विमानात खिडकीजवळ बसलेल्यांना ठिणग्या दिसल्या होत्या. उणीव होती ती फक्त एका वाक्याची.