हिरवळीखालची काळी माती

भूगोल घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलाला मातीतले काही कळत असेल, असा आमच्या घरच्यांचा समज होता. तो किती पोकळ होता हे मे २०२४ च्या सुटीत सांगलीला काकांच्या परसात सर्वांनाच कळले. मला तर सर्वांच्या आधी!

काकांचे घर बैठे, जुने. मागे विहीर, एक शेवगा आणि तीस फूट रुंद, पन्नास फूट लांब मोकळी जागा. हल्ली शहरोशहरी ‘टर्फ’ची मैदाने निघाली आहेत, मुले तासावर पैसे मोजून तेथे क्रिकेट खेळतात. जागा घरची आहे, तर मैदानही घरचेच का नसावे, असे काकांच्या मनाने घेतले. २०२२ च्या उन्हाळ्यात एका कंत्राटदाराने शेवगा तोडला, मातीवर चार इंच मुरूम पसरला, वर कृत्रिम हिरवळ अंथरली आणि चार दिवसांत मैदान तयार करून दिले. पहिल्याच पावसाळ्यात त्या हिरवळीखाली कोणी कूस बदलावी तसा मध्ये फुगवटा आला आणि कडेला तळे साचले. पुढच्या उन्हाळ्यात फुगवटा बसला, पण जोड उकलले. त्या उकललेल्या जोडात पाय अडकून माझा धाकटा चुलतभाऊ पडला आणि त्याचे मनगट मोडले. काकूंनी परसाच्या दाराला कुलूपच घातले.

आजीने मात्र निदान एका वाक्यात केले. “अरे, काळ्या रानावर तू घोंगडं अंथरलंस. रान गप्प बसतंय होय?”

हेच आम्ही वर्गात शिकलो होतो. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, सुकली की आक्रसते व तिला भेगा पडतात. परीक्षेत यावर मला चांगले गुण मिळाले होते. परंतु तीच माती काकांच्या घरामागे आहे, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते.

मुळात ही वस्तू परसासाठी जन्मलीच नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६५ साली अ‍ॅस्ट्रोडोम हे छप्पर असलेले क्रीडागार उघडले. पारदर्शक छपरातून येणाऱ्या झगझगाटात उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून छपराला रंग दिला. तेव्हा उन्हाअभावी आतले गवत मेले. १९६६ साली तेथे प्लास्टिकची हिरवळ आली. तिचे ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव तेथूनच पडले. आपल्याला तिची झळ लागली ती १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये. हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातवा आला. असो. छपराखालच्या त्या मैदानाला पावसाची चिंता नव्हती. आम्हाला मुख्य चिंता तीच होती.

म्हणून या वेळी आरंभ खालून केला. जुन्या हिरवळीतील वाळू झटकून तिच्या गुंडाळ्या ओसरीवर ठेवल्या. (हे झटकण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे, आणि अर्थातच माझ्याकडे!) मग दोन फूट काळी माती काढून टाकली. त्या जागी सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरला. प्रत्येक थरावर पाणी मारायचे, रोलर फिरवायचा आणि मगच पुढचा थर. घाईने एकदम भरलेला मुरूम वरून घट्ट दिसतो, पण आत पोकळ राहतो व पुढे दबतो. त्यावर खडी, खडीवर बारीक कच. हे सारे सपाट करावयाचे नसते, हे मला नवीन होते. शंभर फुटांना एक फूट, म्हणजे आमच्या पन्नास फुटांत सहा इंच उतार दिला. गवंड्याने तो पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जोखला. खालच्या कडेला खडीत भोके पाडलेला पाइप पुरला.

हिरवळीच्या पट्ट्या अंथरताना सर्व पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. एखादी पट्टी उलटी पडली तर ती निराळ्या रंगाची दिसते. जोडाखाली रुंद पट्टी घालून तिला डिंकासारखे दाट रसायन लावतात. शेवटी कोरडी वाळू पसरून ती झाडूने पात्यांच्या मुळाशी उतरवतात. वाळूच्या वजनानेच हिरवळ जागेवर राहते आणि पाती उभी राहतात.

पाइपाचे पाणी कोठे सोडावयाचे यावरून मात्र घरात खडाजंगी झाली. काका म्हणाले, विहिरीत सोडू, तेवढेच पुनर्भरण. आजी हटून बसली. पहिल्या वेळी कंत्राटदाराने वाळूबरोबर रबराचे काळे कण टाकले होते. असे कण बहुधा जुन्या टायरांचा चुरा असतात. पावसाबरोबर वाहून ते विहिरीच्या काठाशी साचलेले तिने पाहिले होते. मला ती हेकटपणा करते असे वाटले. नंतर वाचनात आले की युरोपीय संघाने २०२३ साली असे कण मैदानात घालण्यासाठी विकण्यावर बंदीचा नियम केला आणि तो लागू होण्यास आठ वर्षांची मुदत दिली. आम्ही रबर वगळले. आखूड पात्यांच्या हिरवळीवर क्रिकेटपुरते वाळूने भागते. पाणी बाहेरच्या गटारात सोडले.

एक दोष आम्हाला घालवता आला नाही. मे महिन्याच्या दुपारी ही हिरवळ साठ अंशांच्या वर तापू शकते. गवत आपल्यातील पाणी बाष्परूपाने सोडून थंड राहते. प्लास्टिकला ते कोठून साधणार? पाणी शिंपडले तर घटकाभर बरे, मग पुन्हा तवा. शेवग्याची सावली असती तर, असे काकू एकदा म्हणाल्या. काका काही बोलले नाहीत. मुलांना संध्याकाळी पाचनंतरच दार उघडते.

जुलै २०२४ मध्ये कृष्णेला मोठे पाणी आले होते. पाऊस ओसरल्यावर मी सांगलीला गेलो, तो थेट परसात. जोड जागच्या जागी होते, तळे नव्हते. फक्त विहिरीकडच्या कोपऱ्यात टाळीएवढा खळगा पडला होता. शेवग्याचा बुंधा आम्ही काढला होता, पण खोल गेलेली मुळे तशीच राहिली होती. ती कुजून वरचा भराव बसला होता. चुलतभाऊ आता नेमका तेथेच टप्पा टाकून चेंडू वळवतो, आणि खळगा बुजवू देत नाही.