पेरू : एका देशातील तीन देश



'पेरू' म्हटले की आपल्याला आधी आठवते ते फळ. देश आठवतो तो मागाहून. आणि देश आठवलाच, तरी आपली माहिती बहुधा माचू पिच्चू या एका नावापाशी संपते. डोंगराच्या खांद्यावरची ती ओसाड नगरी चित्रांतून इतक्यांदा आपल्यासमोर येते की, पेरू म्हणजे तेवढेच असा समज व्हावा. वास्तविक हा देश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे, आणि त्यात वाळवंट, हिमपर्वत व महारण्य असे तीन निराळे देश शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा पेरूत काय पाहावे, याचे उत्तर स्थळांची यादी देऊन पुरे होत नाही. हे तीन देश एकत्र कसे आले, हे एकदा ध्यानात आले म्हणजे काय पाहावे आणि का पाहावे, हे दोन्ही उलगडते.

आपल्याकडे अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात. कोकण भिजते आणि घाटामागचा माणदेश कोरडा राहतो. पेरूत हाच न्याय उलटा लागू पडतो. तेथे पावसाचे वारे येतात ते पूर्वेकडून, दूरच्या अटलांटिक महासागरावरून, अॅमेझॉनचे अरण्य ओलांडून. अँडीज पर्वताची भिंत त्यांना अडवते. पूर्वेच्या उतारावर पाऊस कोसळतो आणि पश्चिमेला, समुद्राच्या काठी, काही उरत नाही. मग जवळचा पॅसिफिक महासागर काय करतो, असे आपण विचाराल. त्या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून एक थंड प्रवाह वाहतो. त्याला हम्बोल्टचा प्रवाह म्हणतात. थंड पाण्यावरची हवा थंड आणि जड असते, ती वर चढत नाही; आणि हवा वर चढल्याखेरीज पाऊस नाही. म्हणून किनारा वाळवंटी, मधला पट्टा डोंगराळ आणि पलीकडचा भाग जंगलाचा. या तिन्हींची ओळख आपण समुद्रापासून सुरू करू.

राजधानीचे शहर लिमा. 1535 मध्ये पिझारो या स्पॅनिश सेनानीने ते वसवले. आज तेथे सुमारे एक कोटी लोक राहतात आणि वर्षाचा पाऊस इंचभरही पडत नाही; आपल्याकडे आषाढात तेवढा एका दुपारी पडतो! हिवाळ्याचे काही महिने शहरावर करडे धुके बसून असते, पण त्याने जेमतेम रस्ता ओला होतो. पिण्याचे पाणी बहुतेक सारे डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांचे. लिमात जुना चौक, लाकडी सज्जे आणि 1551 मध्ये स्थापन झालेले सान मार्कोस विद्यापीठ हे सारे पाहण्याजोगे आहे. परंतु वाळवंटाची खरी गंमत शहराबाहेर आहे. उत्तरेला सुपे नदीच्या खोऱ्यात कारल येथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे पिरॅमिड उभे आहेत. म्हणजे ही नगरी आपल्या मोहेंजोदडोच्या काळातली. दक्षिणेला नास्काच्या माळावर माकड, कोळी, पक्षी यांच्या अवाढव्य आकृती आहेत. वरचे काळपट दगड बाजूला सारून खालची फिकट माती उघडी करायची, एवढीच त्यांची रीत. जमिनीवर नुसत्या ओढलेल्या या रेघा दीड-दोन हजार वर्षे टिकल्या, कारण त्या पुसायला पाऊसच आला नाही! मारिया रायखे या जर्मन गणितज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास आणि राखण करण्यात उभे आयुष्य वेचले.

वाळवंट सोडून आपण चढू लागलो की दुसरा देश सुरू होतो. वाटेत आरेकीपा लागते. ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडात बांधलेले हे देखणे शहर मिस्ती या ज्वालामुखीच्याच पायथ्याशी वसले आहे. पुढे कुस्को, इंका साम्राज्याची राजधानी. त्याची उंची सुमारे 3,400 मीटर, म्हणजे महाबळेश्वराच्या अडीचपट. येथे पहिले दोन दिवस सावकाश चालावे. विरळ हवेने डोके दुखते. स्थानिक लोक त्यावर कोकाच्या पानांचा चहा देतात. (तो तेथेच प्यावा, ती पाने घरी आणण्यास आपल्याकडे बंदी आहे.) कुस्कोत इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश लोकांनी आपला मठ उभारला. चुन्यावाचून दगडाला दगड घासून बसवलेल्या त्या भिंती 1950 च्या भूकंपात टिकल्या. वरच्या मठाची मात्र मोठी पडझड झाली.

माचू पिच्चू कुस्कोहून हजारभर मीटर खाली आहे. पर्वत संपून अरण्य सुरू होते त्या सांध्यावर पंधराव्या शतकात ही नगरी बांधली गेली. 1911 मध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने ती जगापुढे आणली. परंतु 'शोध लावला' म्हणणे बरोबर नाही, कारण तेव्हाही आसपासचे शेतकरी तेथल्या पायऱ्यांच्या शेतांत पीक घेत होते. तेथे गेल्यावर शिखरांकडे पाहून झाले की पायाखालीही पाहावे. इतक्या पावसात ही नगरी घसरून गेली नाही याचे कारण जमिनीखाली आहे. मातीखाली वाळू, खडी आणि दगडांच्या कपच्या यांचे थर घालून पाणी निचरून जाईल अशी सोय त्या लोकांनी केली होती. आज भीती पाण्याची नसून गर्दीची आहे. म्हणून रोजच्या प्रवाशांच्या संख्येवर सरकारने मर्यादा घातली आहे.

पण दगडाहून टिकाऊ असे काही पाहायचे असेल, तर आपुरीमाक नदीवरचा केस्वाचाकाचा पूल पाहावा. तो गवताचा आहे! नदीकाठच्या गावांतले लोक दरवर्षी जून महिन्यात गवताचे दोर वळून तो नव्याने विणतात. इंकांच्या काळापासूनची ही रीत. 2020 मध्ये महामारीमुळे काम राहिले आणि 2021 च्या मार्चमध्ये पूल कोसळला. त्याच जूनमध्ये लोकांनी तो पुन्हा विणला. वस्तू जाते, पण हात शाबूत असले म्हणजे परंपरा जात नाही.

याच डोंगरी भागाच्या दक्षिण टोकाला, 3,800 मीटरांवर, तितिकाका सरोवर आहे. त्यावर उरू लोक लव्हाळ्यांची तरंगती बेटे करून राहतात, तर ताकीले बेटावरचे पुरुष चालता चालता टोप्या विणतात. या सरोवराच्या परिसराचे आपल्यावर एक जुने ऋण आहे. बटाटा प्रथम लागवडीखाली आला तो येथेच. स्पॅनिशांनी तो युरोपात नेला आणि आपल्याकडे तो पोर्तुगीज नाव घेऊन आला. एकादशीचा बटाट्याचा कीस आपण निःशंक मनाने खातो, तो अँडीजच्या शेतकऱ्याच्या कृपेने!

तिसरा देश अरण्याचा. पेरूच्या भूमीपैकी निम्म्याहून अधिक भाग त्याने व्यापलेला आहे, तरी तिकडे जाणारे प्रवासी थोडे. इकितोस हे लाखो वस्तीचे शहर. पण बाहेरून तेथे रस्ता जात नाही, होडीने नाहीतर विमानाने जावे लागते. पक्षी आणि प्राणी पाहायचे असतील तर मानूचे राष्ट्रीय उद्यान गाठावे.

आता शेवटी आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट. काही वर्षी नाताळच्या सुमारास पेरूच्या किनाऱ्याचे पाणी गरम होते आणि मासे नाहीसे होतात. तिकडच्या कोळ्यांनी याला बाळ येशूवरून 'एल निन्यो', म्हणजे बाळ, असे नाव दिले. हे बाळ अवतरले की वाळवंटात पूर येतात, आणि आपल्याकडे मोसमी पाऊस अनेकदा दगा देतो. भारतीय हवामानखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा माग काढताना पॅसिफिकवरील हवेच्या दाबाशी त्याचे नाते दाखवले, तो विसाव्या शतकाचा पूर्वार्ध होता. 1972 सालचा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. त्याच वर्षी पेरूचा मासेमारीचा धंदा बसला. सुकडीवर दिवस काढणारा आपला शेतमजूर आणि रिकामे जाळे ओढणारा तिकडचा कोळी, दोघे एकाच समुद्राचा मार सोसत होते.

पेरूची हिमशिखरेही वेगाने वितळत आहेत. गेल्या साठ वर्षांत तेथील निम्म्याहून अधिक बर्फ गेले, आणि कोरड्या किनाऱ्याची शेती त्याच्या पाण्यावर आहे. हे सारे ध्यानी ठेवून जो जाईल त्याने मे ते सप्टेंबर हा डोंगरातला कोरडा काळ निवडावा, निदान तीन आठवडे हाताशी ठेवावेत आणि समुद्र, पर्वत, अरण्य याच क्रमाने प्रवास करावा. वेळ थोडा असेल तर स्थळे कमी करावीत. तिन्हींपैकी एकही देश मात्र गाळू नये.