वारा, भरती आणि आपला किनारा

मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर फिरावयास जाणाऱ्यास परक्या लिपीतील अक्षरांची एखादी बाटली सापडली, तर त्यात नवल मानू नये. आपल्या बेटावर वर्षातील बहुतेक काळ आग्नेयेचे वारे वाहतात. जून ते सप्टेंबर या हिवाळ्यात त्यांना विशेष जोर असतो. त्यांच्याच सोबतीने महासागराचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असतो. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानाच्या पंखाचा तुकडा जुलै २०१५ मध्ये शेजारच्या रियुनियन बेटास येऊन लागला, तो याच वाटेने. जे विमानाच्या तुकड्यास साधले, ते प्लॅस्टिकच्या चपलेस का न साधावे? सेशेल्समधील अल्डाब्रा या जवळजवळ निर्मनुष्य बेटावरून २०१९ साली २५ टन कचरा उचलला गेला. त्यात मासेमारीची जाळी व दोर होतेच, पण चपलांचाही खच होता.

बूच लावलेली रिकामी बाटली पाण्यावर उंच तरंगते. तिला वारा शिडासारखा ढकलतो. अर्धवट बुडालेली पिशवी मात्र प्रवाहाची दासी.

आपले वाडवडील ज्या मुंबई बंदरातून निघाले, तेथे उधाणाचे पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते; येथे हा फरक जेमतेम हातभराचा. तरीही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कचरा वाळूच्या वरच्या टोकास जाऊन पडतो आणि पुढे भांगाच्या दिवसांत पाणी तेथवर पोचतच नाही. मग उन्हाने तो ठिसूळ होतो, वारा त्याचे तुकडे सुरूच्या मुळांत नेऊन कोंबतो, आणि तेथून ते वेचणे महाकठीण.

तथापि सारा दोष दूरदेशींच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर हाच वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तेथे सापडलेल्या पिशवीचा माग बहुधा आपल्याच एखाद्या ओढ्यात लागेल. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१६ च्या जानेवारीपासून बंदी आहे, ही गोष्ट निराळी!

गणेशविसर्जनाचेही असेच. दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन पंचमीस, म्हणजे अमावास्येचे उधाण ओसरत असताना आणि आग्नेयेचा वारा जोरात असताना येते. पूर्व किनाऱ्यावर मूर्तीसोबत पाण्यात सोडलेला प्लॅस्टिकचा हार म्हणूनच फार दूर जात नाही. उधाणाच्या रेषेखाली तो वाळूवर परत येऊन पडतो. पश्चिमेस तोच हार वाऱ्याबरोबर बाहेर निघून जातो, आणि पुढे कोणाच्या किनाऱ्यास लागतो, हे पाहावयास आपण तेथे नसतो.