लघुव्यवसाय आणि समाजमाध्यम विपणन

समाजमाध्यम विपणन म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारख्या समाजमाध्यमांच्या साहाय्याने वस्तूंची वा सेवांची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणे, मागणी नोंदविणे आणि विक्रीनंतरही ग्राहकाशी संबंध टिकविणे होय. मोठ्या उद्योगांच्या दृष्टीने हा जाहिरातीच्या अनेक मार्गांपैकी एक असतो. लघुव्यवसायात मात्र दुकानाची पाटी, मागणीची वही आणि तक्रारपेटी ही सर्व कामे बहुधा एकाच भ्रमणध्वनीवर चालतात. या पद्धतीमुळे लहान विक्रेत्याला मध्यस्थावाचून दूरचा ग्राहक गाठता येऊ लागला. त्याचबरोबर ग्राहकाशी असलेला त्याचा संबंध खासगी कंपन्यांच्या नियमांवर अवलंबून राहू लागला. प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

पूर्वी लहान व्यावसायिकाचा मुख्य आधार कर्णोपकर्णी होणारी प्रसिद्धी हाच होता. त्याला दुकानाची पाटी, वृत्तपत्रातील छोटी जाहिरात, वृत्तपत्राच्या घडीत घालून वाटलेली हस्तपत्रके, रिक्षावरील ध्वनिक्षेपक, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक आणि जत्रा यांची जोड मिळे. ही साधने परिसरापुरती मर्यादित असत. कोणत्या जाहिरातीमुळे किती ग्राहक आले, हे समजण्याची सोय त्यांत नव्हती.

व्यवसायांसाठी स्वतंत्र पृष्ठांची सोय फेसबुकने २००७ मध्ये केली. परंतु भारतातील छोट्या शहरांत आणि ग्रामीण भागांत या माध्यमांचा व्यावसायिक वापर पुढच्या दशकात वाढला. २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि त्याच वर्षी यूपीआय ही देयकप्रणाली सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने लहान व्यावसायिकांसाठी वेगळे ॲप आणले. २०१९ मध्ये त्यात वस्तूंची छायाचित्रे व किमती मांडण्यासाठी कॅटलॉगची सोय झाली. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या टाळेबंदीत अनेक दुकानदारांना भ्रमणध्वनीवर मागणी घेण्यावाचून पर्याय उरला नाही. जून २०२० मध्ये भारताने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. त्यानंतर लघुचित्रफीत हे जाहिरातीचे प्रमुख रूप बनले.

कार्यपद्धती

लघुव्यवसायांच्या समाजमाध्यमांवरील विपणनाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

संवाद : व्हॉट्सॲपवरील ब्रॉडकास्ट यादीतून एकच संदेश २५६ जणांपर्यंत पाठविता येतो. मात्र ज्यांनी विक्रेत्याचा क्रमांक आपल्या भ्रमणध्वनीत साठविला आहे, त्यांनाच तो मिळतो. म्हणजे या साधनाचा उपयोग होण्यासाठी आधीचा परिचय आवश्यक असतो.

प्रदर्शन : छायाचित्रे, रील्स आणि ग्राहकांचे अभिप्राय यांतून अपरिचितांचे लक्ष वेधले जाते. विणकाम, मातीकाम, पाककृती यांसारख्या व्यवसायांत तयार वस्तूइतकीच ती घडविण्याची प्रक्रियाही दाखविली जाते.

सशुल्क जाहिरात : फेसबुक व इन्स्टाग्रामवरील जाहिरातीची जागा लिलावपद्धतीने मिळते. जाहिरातदाराने लावलेली बोली, पाहणारा अपेक्षित प्रतिसाद देण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा यांवर निवड होते. गाव, वय आणि आवड यांनुसार प्रेक्षक निवडता येतात व खर्चाला मर्यादा घालता येते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

कोकणातील हापूस आंब्याचा व्यापार हे या बदलाचे ठळक उदाहरण आहे. पारंपरिक पद्धतीत बागायतदार पेट्या भरून वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पाठवी. अडत्यामार्फत विक्री होई आणि हिशेबाची पट्टी मागाहून हाती येई. आपला आंबा कोणाच्या घरी गेला, हे बागायतदाराला कळत नसे. फळे व भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समित्यांच्या नियमनातून वगळण्यात आल्यावर थेट विक्रीचा मार्ग अधिक मोकळा झाला. आता अनेक बागायतदार मोहोरापासून तोडणीपर्यंतची छायाचित्रे ग्राहकांना पाठवितात, आगाऊ नोंदणी घेतात आणि पेटी थेट घरी पोहोचवितात. दर ठरविण्याचा अधिकार त्यामुळे काही अंशी त्यांच्याकडे आला, पण जोखीमही आली. फळ कापल्यावर आत साका आढळला, तर ग्राहक त्याचे छायाचित्र त्याच क्षणी पाठवितो. पूर्वी बाजाराच्या साखळीत विरून जाणारी ही तक्रार आता बागायतदारालाच निस्तरावी लागते.

दुसरे उदाहरण महिला बचत गट व घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या स्त्रियांचे आहे. मुंबईतील महालक्ष्मी सरस किंवा पुण्यातील भीमथडी जत्रा यांसारख्या प्रदर्शनांत विक्री थोड्याच दिवसांपुरती असते. तेथे जोडलेले ग्राहक व्हॉट्सॲपमुळे वर्षभर संपर्कात राहू शकतात. गृहनिर्माण संस्थांच्या गटांतून दिवाळीच्या फराळाची मागणी नोंदविली जाते आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठीही फराळाचे डबे कुरिअरने रवाना होतात.

मर्यादा आणि टीका

समाजमाध्यमावरील दुकान ही विक्रेत्याची स्वतःची मालमत्ता नसते. कोणता मजकूर कोणाला दाखवायचा, हे कंपनीची गणनपद्धती ठरविते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केल्यावर व्यावसायिक पृष्ठांची विनामूल्य पोहोच आणखी घटली. परिणामी, वर्षानुवर्षे जमविलेल्या अनुयायांपर्यंत पोहोचण्यासाठीही पैसे मोजण्याची वेळ अनेकांवर येते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडले. केवळ याच माध्यमांवर विसंबलेल्या विक्रेत्यांचा ग्राहकसंपर्क तेवढा वेळ तुटला.

फसवणूक हा दुसरा गंभीर प्रश्न आहे. ग्राहक असल्याची बतावणी करून क्यूआर संकेत पाठविला जातो आणि पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन टाकावा, असे विक्रेत्याला सांगितले जाते. वस्तुतः पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकल्यास रक्कम खात्यातून जाते. पैसे भरल्याची बनावट प्रतिमा पाठवून माल नेण्याचे प्रकारही घडतात. याशिवाय दिवसरात्र येणाऱ्या विचारणांना उत्तरे देणे, चित्रफिती तयार करणे हे श्रम किमतीत क्वचितच धरले जातात.

कायदेशीर बाबी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास किंवा तिची भलामण करणाऱ्यास १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोबदला किंवा भेटवस्तू घेऊन केलेला मजकूर जाहिरात असल्याचे स्पष्ट नमूद करणे अपेक्षित आहे. घरगुती खाद्यपदार्थांच्या विक्रीलाही अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे अन्यत्र पिकलेला आंबा त्या नावाने विकणे नियमबाह्य ठरते, मग ती विक्री बाजारात होवो वा समाजमाध्यमावर.

पूरक उपाय

एकाच माध्यमावरील अवलंबित्व कमी करण्यासाठी ग्राहकांच्या संमतीने त्यांचे पत्ते व क्रमांक स्वतंत्र वहीत ठेवणे, स्वतःचे संकेतस्थळ चालविणे, गुगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद करणे आणि सहकारी संस्था किंवा बचत गटामार्फत सामूहिक विक्री करणे हे उपाय केले जातात. समाजमाध्यमामुळे पहिली भेट सुलभ होते. दुसरी खरेदी मात्र पूर्वीप्रमाणेच मालाचा दर्जा, योग्य वजन आणि दिलेला शब्द यांवर अवलंबून असते.